बुकरला वेडा म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं

जेम्स बुकरचा विषय निघाला की डॉ. जॉनने केलेलं त्याचं वर्णन हमखास पुढे येतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराने आजवर दिलेला सर्वांत थोर काळा, समलिंगी, एका डोळ्याचा, गर्दुल्ला पियानोवादक, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. डॉ. जॉन स्वतः त्या शहराचा मोठा वादक. ऑर्गन वाजवायला तो बुकरकडूनच शिकला होता. त्याच्या तोंडी त्या शब्दांत माया होती. पण ज्यांनी बुकरला कधी धड ऐकलंही नाही, असे लोक आज तेच वाक्य उगाळतात, आणि त्यातून एक समजूत पक्की होऊन बसली आहे: बुकर अफाट होता कारण तो वेडा होता, आणि वेडा होता म्हणून लवकर गेला. या समजुतीत कुणाकडेच दोष जात नाही. शहराकडे नाही, तुरुंगाकडे नाही, रुग्णालयाकडे नाही, टेबलावर ग्लास ठेवून त्याला ऐकणाऱ्यांकडेही नाही. मला ती मान्य नाही. बुकरचं संगीत त्याच्या मेहनतीचं होतं, त्याचा दिमाख त्याच्या धैर्याचा होता, आणि त्याचा मृत्यू मात्र बऱ्याच अंशी इतरांच्या हयगयीचा होता. या तीन गोष्टींची सरमिसळ करून आपण त्याच्यावर अन्याय करतो, आणि आज बारमध्ये वाजवून पोट भरणाऱ्या वादकांवरही करतो.

बुकर १७ डिसेंबर १९३९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, तेही पियानो वाजवणारे. बालपणाचा मोठा भाग मिसिसिपीतल्या बे सेंट लुइस या समुद्रकाठच्या गावी गेला. पोरगा लहानपणीच बाख आणि शोपँ या युरोपीय अभिजात संगीतकारांच्या रचना शिकला, आणि त्याच वेळी टट्स वॉशिंग्टनसारख्या जुन्या बारवादकांची ढबही उचलत गेला. किशोरवयात तो रेडिओवर वाजवत होता. १९५४ मध्ये, चौदाव्या वर्षी, डेव्ह बार्थोलोम्यू या निर्मात्याने इंपिरियल कंपनीसाठी त्याची पहिली तबकडी काढली. १९६० मध्ये ऑर्गनवर वाजवलेली ‘गाँझो’ ही त्याची रचना काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि देशाच्या सर्वसाधारण यादीत त्रेचाळिसाव्या. तेव्हा त्याचं वय वीस.

साधारण नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला एका भरधाव रुग्णवाहिकेने उडवलं होतं. पायाला जबर दुखापत झाली आणि वेदना शमवण्यासाठी त्याला मॉर्फिन दिलं गेलं. आपल्या व्यसनाचं मूळ तिथे आहे, असं तो पुढे सांगत असे. हे वैद्यकीयदृष्ट्या किती खरं, याचा निवाडा मी करणार नाही. पण एका शाळकरी पोराच्या शरीरात अफूचा अर्क पहिल्यांदा शिरला तो डॉक्टरांच्या हातून, एवढं तरी ‘प्रतिभावंतांना नशा लागतेच’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. अमेरिकेत २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एका वर्षात एक लाखाहून जास्त माणसं मेली, आणि या लाटेची सुरुवात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकांपासून झाली होती. ही लाट गोऱ्या गावांपर्यंत पोचली तेव्हा वर्तमानपत्रांना आणि राजकारण्यांना व्यसन हा आजार असल्याचं उमगलं. बुकरच्या काळात, त्याच्या रंगाच्या माणसासाठी, तो गुन्हा होता.

आता त्याच्या वादनाकडे येऊ, कारण वेडाची समजूत इथेच उघडी पडते. त्याला पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना दोन माणसं एकाच पियानोवर बसली आहेत असं वाटतं. त्याचा डावा हात खालच्या सप्तकात बास चालवतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत वर उडी घेऊन मधल्या पट्टीतले स्वरसमूह ठेवून परत खाली येतो. म्हणजे बास-गिटारवाल्याचं आणि साथीच्या गिटारवाल्याचं अशी दोन कामं एकच हात करतो. उजवा हात चाल गातो, आणि चालीच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत त्याच हाताची मोकळी बोटं नक्षी भरतात. जात्यावर बसलेली बाई एका हाताने खुंटा फिरवते, दुसऱ्याने वैरण घालते आणि वर ओवीही म्हणते. तिन्हींची लय वेगळी, पण पीठ एकसारखं पडतं. बुकरचं तसं होतं, कारण तो वर गातही असे, चिरकत, हुंदके देत, मध्येच खोट्या आवाजात चढत. हे नशेत सुचत नाही. दोन हातांच्या चार स्वतंत्र हालचाली शरीरात मुरायला वर्षं जातात, आणि ती वर्षं त्याने बाखच्या स्वरावलींवर घालवली होती. १९७६ च्या ‘जंको पार्टनर’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने शोपँचा छोटा वॉल्ट्झ घेतला आहे. त्याची तीन मात्रांची चाल तो न्यू ऑर्लिन्सच्या डौलात अशी वळवतो की मूळ रचना माहीत असलेल्या माणसाला हसू फुटतं आणि लगेच आदरही वाटतो. ती थट्टा नाही. शोपँ जितका पॅरिसचा तितकाच आपल्या शहराचा, असं ठामपणे सांगणाऱ्या माणसाचं ते वादन आहे.

त्याच्या भपक्याबद्दलही असंच गैरसमजाने बोललं जातं. डाव्या डोळ्यावर चांदणी लावलेली पट्टी, डोक्यावर टोप, अंगावर झूल, बोटांत अंगठ्या. तो स्वतःला ‘बायू महाराजा’ म्हणवून घेई (बायू म्हणजे तिथल्या दलदलीतला संथ ओढा), कधी झगमगाटासाठी प्रसिद्ध असलेल्या लिबराची या गोऱ्या पियानोवादकावरून ‘काळा लिबराची’, कधी ‘पियानोचा राजपुत्र’. डोळा कसा गेला याच्या त्याने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या कथा सांगितल्या. हे सगळं विक्षिप्तपणाच्या खाती टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्तीत या नटण्याला परंपरा होती. लासाल रस्त्यावरच्या ‘ड्यू ड्रॉप इन’ या क्लबात पॅटसी व्हिडालिया हा स्त्रीवेषातला कलाकार सूत्रसंचालन करत असे, आणि १९५५ मध्ये लिटल रिचर्ड या रॉक अँड रोल गायकाने ज्या गाण्याने पुढे सगळं जग हलवलं, ते ध्वनिमुद्रणाच्या मधल्या सुट्टीत तिथल्याच पियानोवर बसून वाजवून दाखवलं होतं. बुकर त्या अंगणात वाढला. झगमगीत कपडे हा तिथे रंगमंचाचा धर्म होता आणि समलिंगी माणसाला उघड वावरता येण्याची एकुलती जागाही. ती जागा सुरक्षित नव्हती. २४ जून १९७३ रोजी शहराच्या फ्रेंच क्वार्टरमधल्या ‘अपस्टेअर्स लाउंज’ या समलिंगी बारला कुणीतरी आग लावली आणि ३२ माणसं मेली. काही मृतांची ओळख सांगायलाही कुणी पुढे आलं नाही. अशा शहरात, काळा असून, तुरुंगाचा शिक्का कपाळी असून, चांदणीची पट्टी लावून रोज पियानोवर बसणं याला मी धाडस म्हणेन. त्याला भडकपणा म्हणणाऱ्यांनी त्या दिवसांत त्या रस्त्यावरून एकदा चालून पाहायला हवं होतं.

तुरुंगाचा उल्लेख आलाच आहे. ड्यू ड्रॉप इनच्या बाहेर हेरॉइनसह पकडला गेल्यावर १९७० च्या सुमारास बुकर अँगोलाला गेला. अँगोला म्हणजे लुइझियानाचा राज्य तुरुंग. जुन्या गुलाम-मळ्याच्या जमिनीवर उभा, हजारो एकरांचा, कैद्यांकडून शेतीकाम करून घेणारा. लेडबेली हा थोर लोकगायक १९३० च्या दशकात तिथेच होता. ‘गुडनाइट आयरीन’ हे लेडबेलीचं गाणं बुकर म्हणे तेव्हा शब्द बदलून त्यात लेडबेलीबरोबर स्वतःचंही नाव गुंफत असे. एका आजारी माणसाला दिलेल्या शिक्षेची नोंद त्याने एवढीच ठेवली, गाण्यात.

याच संदर्भात एक गोष्ट फार गोड करून सांगतात. हॅरी कॉनिक (थोरले) १९७३ ते २००३ अशी तीस वर्षं न्यू ऑर्लिन्सचे जिल्हा सरकारी वकील होते. त्यांचा मुलगा हॅरी कॉनिक ज्युनियर, जो पुढे स्वतः जगप्रसिद्ध गायक-पियानोवादक झाला, तो लहानपणी बुकरकडे शिकला. बुकर एका प्रकरणात अडकला असताना वकीलसाहेबांनी त्याची शिक्षा टळण्याची तजवीज केली आणि मोबदल्यात त्याने मुलाला शिकवलं, असं सांगितलं जातं. गुरू-शिष्याचं ते नातं खरोखरच सुंदर होतं, आणि शिष्याने आयुष्यभर गुरूचं नाव घेतलं. पण गोष्टीचा दुसरा अर्थ मला स्वस्थ बसू देत नाही. शहराचा सर्वांत मोठा पियानोवादक तुरुंगाबाहेर राहतो तो कायद्याने त्याला रुग्ण मानलं म्हणून नव्हे. सरकारी वकिलाच्या घरात पियानो शिकणारं मूल होतं म्हणून. ज्यांच्या हातात अशी कला नव्हती त्यांचं काय झालं? याच कार्यालयाने १९८५ मध्ये जॉन थॉम्पसन या काळ्या तरुणाला दोषी ठरवून घेतलं. त्याने अठरा वर्षं तुरुंगात काढली, त्यातली चौदा फाशीच्या कोठडीत, आणि मग उघडकीला आलं की त्याच्या बाजूचा रक्ततपासणीचा पुरावा सरकारी वकिलांनी दडवला होता. ज्युरीने भरपाई मंजूर केली, पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. एकाला दया आणि दुसऱ्याला कोठडी, एकाच कचेरीतून. दया ज्याच्या त्याच्या ओळखीवर अवलंबून असेल तर तिच्यावर कुठल्याही कलावंताचं आयुष्य उभं राहू शकत नाही.

पैशाचंही तसंच. फॅट्स डॉमिनो हा लोकप्रिय गायक-पियानोवादक दौऱ्यावर असताना त्याच्या तबकड्यांसाठी पियानोचे तुकडे वाजवायला बार्थोलोम्यू तरुण बुकरला बोलावी. तबकडीवर नाव डॉमिनोचं. बुकरला त्या दिवसाची मजुरी. हा प्रकार आपल्याला परका वाटू नये. टेडी वेदरफोर्ड हा काळा पियानोवादक न्यू ऑर्लिन्समध्येच जाझ शिकला आणि १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. (तो १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला.) मुंबईच्या हॉटेलांत तयार झालेले गोव्याचे वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले. हळदोण्याच्या आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांची ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त वाजली आणि त्या गाण्यांवर आजही पाय थिरकतात. पण त्यांच्यासारख्या बहुतेकांची नावं श्रेयनामावलीत आलीच नाहीत. मजुरी दिली, हिशेब मिटला, असं मानण्याची ही रीत दोन्हीकडे एकसारखी. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना व्यावसायिक वापरातून मानधनाचा हक्क दिला. कागदावर तरी दिला. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर ते लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, वाजवणाऱ्याला आजही मिळत नाहीत. दुसऱ्यांची गाणी स्वतःची करून वाजवणाऱ्या बुकरसारख्या माणसाला याचा फटका किती बसला असेल, ते सांगायला हिशेबनीस नको.

युरोपात त्याला वेगळी वागणूक मिळाली. १९७७ मध्ये झुरिकच्या पियानो स्पर्धेतलं त्याचं वादन ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आलं आणि तिला फ्रान्सचा मानाचा पुरस्कार मिळाला. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगपर्यंत तो जाऊन आला. तिथे सभागृह गच्च भरे, लोक शांत बसून ऐकत, आणि सुरात लावलेला पियानो समोर असे. परत आला तो ओक रस्त्यावरच्या ‘मेपल लीफ’ बारमध्ये. मागच्या बाजूला कपडे धुण्याची यंत्रं होती. आठवड्यातली एक रात्र त्याची. समोर कधी मूठभर माणसं, कधी त्याहून कमी. त्या बारचे मालक आणि काही मित्र त्याला जपत होते, हे मान्य करायलाच हवं. तिथल्या १९७७ ते १९८२ मधल्या फिती कुणीतरी सांभाळल्या म्हणून आज त्याचं सर्वोत्तम काम आपल्या कानी पडतं. पण त्या फिती ध्वनिमुद्रिका होऊन बाजारात आल्या १९९३ मध्ये, तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर. त्याआधी, आयुष्याच्या शेवटाकडे, बुकर नगरपालिकेच्या कचेरीत कारकुनी करत होता.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, त्याला मदत केली की तो ती उधळून टाकायचा. कार्यक्रमाला यायचाच नाही, आला तर पियानोपाशी बसून तासभर बोलत राहायचा, देणं बुडवायचा, मित्रांना दूर लोटायचा. हे खरं आहे. ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘क्लासिफाइड’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुद्रणाला निर्माता स्कॉट बिलिंग्टन वाट बघत राहिला, दिवस वाया गेले, आणि शेवटी काही तासांत बहुतेक काम उरकलं. वेडाच्या समजुतीवर भाळलेले या काही तासांकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, प्रतिभा! मला मात्र त्या वाया गेलेल्या दिवसांकडे बघावंसं वाटतं. नशेने बुकरला काही दिलं असतं तर ते त्या दिवसांत दिसायला हवं होतं. तिने फक्त घेतलं. त्याची ऐकण्याजोगी मुद्रणं ज्या रात्रींची आहेत त्या त्याला सापडलेल्या रात्री आहेत, आणि अशा रात्री आणखी शेकडो होऊ शकल्या असत्या.

‘व्यसनी माणसाला कुणीच वाचवू शकत नाही’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर खुद्द डॉ. जॉन आहे. तोही न्यू ऑर्लिन्सचा, तोही पियानोवाला, तोही पिसं आणि मणी लावून रंगमंचावर मिरवणारा, तोही हेरॉइनपायी तुरुंगात जाऊन आलेला. त्याने १९८९ मध्ये उपचार पूर्ण करून हेरॉइन सोडलं आणि नंतर तीस वर्षं वाजवत राहून २०१९ मध्ये सत्त्याहत्तराव्या वर्षी गेला. तो गोरा होता, त्याच्याकडे कंपन्यांचे करार होते, उपचारापर्यंत पोचायला वेळ आणि ऐपत होती. दोन माणसांमध्ये इतरही फरक असतात, हे मला कळतं. पण ‘हे त्याच्या नशिबातच होतं’ असं बुकरबद्दल म्हणण्याची सोय त्या तीस वर्षांनी कायमची काढून घेतली आहे.

८ नोव्हेंबर १९८३ रोजी बुकर चॅरिटी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात चाकांच्या खुर्चीत बसून आपला नंबर येण्याची वाट बघत असताना मरण पावला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय त्रेचाळीस. चॅरिटी हे १७३६ पासूनचं गरिबांचं सरकारी रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दुसरीकडे दारं बंद होती त्यांना तपासलं, आणि त्यांना दोष देणं माझ्या मनात नाही. सगळ्या शहराच्या विमा नसलेल्या माणसांचा भार एका इमारतीवर टाकला की रांग लागणारच. ती रांग हा राज्यकर्त्यांचा निर्णय होता. २००५ च्या कत्रिना वादळानंतर ती इमारतही बंद झाली.

न्यू ऑर्लिन्सने २००१ मध्ये आपल्या विमानतळाला लुई आर्मस्ट्राँग या जाझ ट्रम्पेटवादकाचं नाव दिलं. पाहुणा उतरतो तिथपासून त्याला संगीतच विकलं जातं. मग ते वाजवणाऱ्यांच्या औषधपाण्याची जबाबदारी कुणाची? १९९८ मध्ये तिथे वादकांसाठी खास दवाखाना सुरू झाला. परवडेल तेवढ्या पैशांत तपासणी, मानसिक आजारांवर उपचार, व्यसनमुक्तीसाठी मदत. बुकरला ज्याची गरज होती ते सगळं, त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. पण असा दवाखाना देणगीदारांच्या मर्जीवर चालता कामा नये. हॉटेलच्या प्रत्येक खोलीवर शहर कर घेतं आणि त्यातून पर्यटनाच्या जाहिराती होतात, ज्यांत हमखास कुणीतरी ट्रम्पेट वाजवत असतो. त्या करातला ठरावीक हिस्सा कायद्याने त्या दवाखान्याला मिळाला पाहिजे. बारमध्ये वाजवणाऱ्याला पेटीत पडणाऱ्या बक्षिशीवर न सोडता किमान मानधनाची हमी मिळाली पाहिजे. रेडिओवर वाजवणाऱ्याचा वाटा अमेरिकी संसदेने मान्य केला पाहिजे. ही मागणी अनेक वर्षं तिथे पडून आहे. आणि हेरॉइन जवळ सापडलेल्या माणसाला पहिली भेट पोलिसाची नव्हे, डॉक्टरची झाली पाहिजे, मग त्याला पियानो येत असो वा नसो.